एक ठिपका डावा, दोन ठिपके उजवे

सोमवार, ३ मार्च

जी कृपा मागितल्यावाचून मिळते आणि दिल्याने सरत नाही, तिला प्रथम वंदन. तिच्याच आधाराने ही लेखणी उचलली आहे. तुला पत्र लिहिण्याइतके बळ माझ्या स्वतःच्या पदरी नाही.

धाकट्यास,

वडील भावाने धाकट्याला लिहिताना आरंभी ‘अनेक आशीर्वाद’ लिहावेत अशी रीत आहे. मी ते लिहीत नाही. विसरलो असा तुझा समज होऊ नये म्हणून हा खुलासा. एकोणीस वर्षांत तुला हे पहिलेच पत्र लिहितो आहे. त्याची सुरुवात तरी खोट्याने नको.

विषय तुझी गाडी. आज सकाळी कारखान्याच्या दारात ती ट्रेलरवरून उतरवली गेली. बुटकी, रुंद, पुढून चपटी, मागून अवाढव्य, आणि रंग असा की पाहणाऱ्यालाच लाज वाटावी. आसने दोन. जे वाहन तिसऱ्या माणसाला जागा देत नाही त्याला मी वाहन म्हणत नाही. तो चाके लावलेला अहंकार आहे. शास्त्रकारांनी मदाचे आठ प्रकार सांगितले. त्यांच्या काळी स्पोर्ट्स कार नव्हती म्हणून आठावर थांबले.

गाडीमागून एक मुलगी आली. डोक्याला रुमाल, हातात लाकडी खोके.

“नमस्कार मोठे काका. ओळखलंत?”

“नाक ओळखलं,” मी म्हणालो. “बाकीची कोण?”

“बाकीचीही पुतणीच आहे.”

उत्तर तुझ्या घराण्यातले आहे, म्हणजे माझ्याही. तिने खोके माझ्या बाकावर ठेवले, विचारलेसुद्धा नाही. आत तेलकट कागदात गुंडाळलेले लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, मागच्या दोन चाकांना इंजिनाचा जोर वाटून देणारे, नव्या धर्तीचे. पुढच्या महिन्यात घाटरस्त्याची शर्यत आहे, वळणावर आतले चाक नुसते गरगरते, मागून येणारे पुढे जातात, तेव्हा हे बसवून द्या, अशी एका दमात मागणी.

“तुझ्या बापाला हात नाहीत का?”

“हात आहेत. पण डिफरन्शियलला लावत नाहीत. इंजिन करतात, गिअरबॉक्स करतात, ब्रेक करतात. डिफरन्शियलचं काम आलं की गिऱ्हाइकाला दुसरीकडे धाडतात. आई म्हणते, मोठ्या काकांनी मनाई केली आहे.”

तू ती मनाई अजून पाळतोस हे मला ठाऊक नव्हते. ऐकून मला हसू आले. कौतुकाचे समजू नकोस. जे आज्ञापालन तू एकोणीस वर्षे इतके कसोशीने केलेस, त्यातले वाटीभर जरी त्या एका संध्याकाळी दाखवले असतेस, तर वडिलांचा उजवा हात शाबूत राहिला असता.

हो, गाडीही मी ओळखली. रंग बदललास, चौकट सरळ केलीस, पण उजव्या दाराच्या बिजागरीखाली वेल्डिंगची शिवण दिसते. हीच ती. आपण दोघांनी मिळून जिचे डिफरन्शियल उघडले, तू एकट्याने जोडले, आणि वडील जिची पहिली फेरी घ्यायला बसले. ज्याच्या नावाची पाटी, त्यानेच दुरुस्त गाडीची पहिली फेरी घ्यायची, हा त्यांचा दंडक. दुसऱ्या वळणावर मागचे चाक जागीच आवळले, गाडी गोदामाच्या भिंतीवर गेली, आणि दार आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये त्यांचा हात सापडला. त्यानंतर अकरा वर्षे त्या हाताने चमच्याहून जड काही उचलले नाही. मालकाने गाडी अपशकुनी म्हणून टाकून दिली; तू ते भंगार ओढत बरोबर नेलेस. लोक गाव सोडताना देवाची तसबीर नेतात. तू आपल्या अपराधाचा सांगाडा नेलास, आणि वर त्याला रंग दिलास.

त्या दिवशी तू म्हणालास ते मला अक्षरशः आठवते: “दादा, तुम्ही सांगितलंत तसंच बसवलं.” आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो तेही: “ज्याला डावं-उजवं कळत नाही, त्याने डिफरन्शियलला हात लावू नये.” खाटेवर पडलेल्या वडिलांनी डोळे न उघडता मान हलवली. तेवढे तुला पुरले, तू निघालास.

मी काम नाकारले आहे. ट्रेलर बुधवारी येईल, गाडी परत येईल. मुलगी मात्र चांगली आहे. ती तुझ्यावर गेली नाही, यापरते दुसरे कारण मला दिसत नाही.

— तुझा वडील बंधू

रविवार, ९ मार्च

धाकट्यास,

ट्रेलर बुधवारी आला आणि रिकामा गेला, आणि आता मी कामही घेतले आहे. कारणे दोन. पहिले तुझी वहिनी.

“पोर चारशे किलोमीटर आली,” ती म्हणाली, “आणि तुम्ही तिला खोकं हातात देऊन परत पाठवणार? मग पहाटे उठून तासभर काय पोपटासारखं पाठ करता?”

“त्याचा आणि डिफरन्शियलचा काय संबंध?”

“नसेल तर दोन्ही सोडा.”

पस्तीस वर्षांच्या संसारात हिच्याशी वादात मी एकदाही जिंकलो नाही. म्हणून बाहेर प्रवचने करतो. तिथे कुणी उलटून बोलत नाही. तुझी मुलगी मागच्या खोलीत उतरली आहे. वहिनीने तिचा रुमाल धुऊन टाकला, तेव्हा पाण्यातून जे काळे निघाले त्यात माझी गेली तीस वर्षे दिसली.

मुलीने मला मागच्या अंगणात नेले. तिथे गाड्या धुण्याचा उतार आहे, एका बाजूला काँक्रीट, दुसऱ्या बाजूला ओली खडी. तिने डावे चाक खडीवर घेतले, उजवे काँक्रीटवर, आणि जोर दिला. डावे चाक खडी उडवत गरगरले. उजवे ढिम्म. एवढ्या शक्तीची गाडी, वीतभर पुढे सरकेना.

“बघितलंत? सगळा जोर त्या घसरणाऱ्या चाकालाच जातो.”

मी तिला सांगितले की हे अर्धे ज्ञान आहे, आणि अर्ध्या ज्ञानावर व्हिडिओ बनतात, गाड्या बनत नाहीत. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना बल सारखेच मिळते. पण किती मिळणार, हे घसरणारे चाक ठरवते. त्याला जेवढे पेलते तेवढेच, एक गुंजही अधिक नाही, ठाम उभ्या चाकाच्या वाट्याला येते.

बोलता बोलता मी थांबलो, कारण मला आपले घर आठवले. वडिलांनी आपल्या दोघांत भेदभाव केला असे मी कधी म्हटले नाही. सारखेच दिले. पण किती द्यायचे हे तुझ्या घसरण्याने ठरले. तुला गणित जमेना म्हणून दोघांची शाळा सुटली. तुला मोठ्या कारखान्याची भीती वाटली म्हणून दोघांसाठी हा लहान कारखाना निघाला. मी काँक्रीटवर उभा होतो, धाकट्या, आणि तू खडीवर गरगरत होतास. सारे गाव तुझ्या चाकाचा आवाज ऐकून म्हणाले, केवढा वेग!

हे मी मुलीला बोललो नाही. तुला लिहितो आहे.

दुसरे कारण तुझे पत्र. काल आले. चार ओळी:

“दादा, पोरगी न विचारता आली, माफ करा. गाडी तशीच परत पाठवा. डिफरन्शियल खोलू नका, दुसरीकडे कुठे करून घेईन. मी तिला समजावतो.”

एकोणीस वर्षांनी चार ओळी, आणि त्यांतली एक ‘खोलू नका’! चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते असे. माझ्या डोळ्यांसमोर ते हाउसिंग, डिफरन्शियलचे ते लोखंडी कवच, उघडे पडू नये, झाकणे सुटी होऊ नयेत, तुझी करणी बाकावर मांडली जाऊ नये, एवढ्यासाठी तू पोटच्या मुलीला अर्ध्या वाटेवरून माघारी बोलावतोस. हा मजकूर वाचेपर्यंत मी काम नाकारूनच होतो. वाचल्यावर मुलीला हाक मारली आणि सांगितले, गाडी रॅम्पवर घे.

नियम तुला आठवतो का, की तोही खडीत उडाला? हाउसिंगमध्ये दोन बाजूंना दोन बेअरिंगे, त्यांवर दोन झाकणे. प्रत्येक झाकण आपल्या जागेसकट कापलेले असते. त्यांची अदलाबदल केली की बेअरिंग आवळते, तापते, चिकटते. म्हणून काढण्याआधी पंचाचे टोक टेकवून, वर हातोडी मारून खूण करायची. डाव्याला एक ठिपका, उजव्याला दोन. वडील म्हणत, सोडताना खूण न करणारा कारागीर म्हणजे परतीचा रस्ता न पाहता रानात शिरणारा वाटसरू.

ती खूण मी केली होती. माझ्या पंचाने. वडिलांनी दोघांना एकाच दिवशी एकेक पंच दिला होता. माझा पहिल्याच आठवड्यात ऐरणीवर पडला आणि त्याच्या टोकाचा टवका उडाला, त्यामुळे त्याचा ठिपका तिकोनी उठतो. तुझा गोल. माझ्या तिकोनी ठिपक्यांकडे पाहूनही तुला डावे कळले नाही. या आठवड्यात ते ठिपके मी तुझ्या मुलीला दाखवणार आहे. मग तू तिला काय समजवायचे ते समजव.

— तुझा वडील बंधू

शुक्रवार, १४ मार्च

धाकट्यास,

तेल काढले. स्वच्छ निघाले, लोहचुंबकावर पिठासारखा थर, कण एकही नाही. सील नवे, बोल्ट सारख्या जोराने आवळलेले, कडेला सुकलेल्या लुकणाचा एक थेंबही ओघळलेला नाही. त्या भंगारातून तू हे उभे केलेस. काम नीटनेटके आहे, हे लिहिताना माझी दाढ दुखते.

हाउसिंग बाहेर काढून बाकावर घेतले. झाकणे सोडली.

मुलगी विचारत होती, “ठिपके कुठे आहेत, मोठे काका? दाखवणार होतात ना?” मी तिला रॉकेल आणायला पाठवले. मग भिंग आणायला. मग म्हणालो, आज डोळ्यांत पाणी येते आहे, काम थांबवू.

वहिनी म्हणाली, “तुमच्या डोळ्यांना काय झालं? सकाळी तर रस्त्यापलीकडची पाटी वाचून तिच्यातल्या चुका काढत होतात.”

काही झालेले नाही. उजेड कमी होता. उरलेले पुन्हा लिहीन.

— वडील बंधू

मंगळवार, १८ मार्च

धाकट्यास,

उजेड भरपूर होता. दुपारचे बारा वाजले होते आणि बाक खिडकीशी आहे.

चार दिवस मी पहाटे नेहमीप्रमाणे पाठाला बसलो आणि चारही दिवस ओठांनी म्हटले. आज उठून हे लिहायला बसलो आहे. एका बैठकीत लिहितो; मध्ये उठलो तर परत बसणार नाही.

झाकणांवर माझे ठिपके आहेत. तिकोनी, खोल, जसे मी मारले तसे. एक आणि दोन.

पण नियमाचा उरलेला अर्धा भाग मी गेल्या पत्रात लिहिला नाही. तुला ठाऊक आहे म्हणून नव्हे. मलाच त्याची आठवण नको होती म्हणून. झाकणावर ठिपका मारला की त्याच्या शेजारी हाउसिंगवरही तेवढेच ठिपके मारायचे. म्हणजे जोडणारा कुठेही उभा असो, एकाला एक भेटतो, दोनाला दोन. डावे कोणाचे, हा प्रश्नच उठत नाही. आपण बाकाच्या दोन अंगांना उभे राहत असू, मी खिडकीकडे, तू दाराकडे. माझे डावे ते तुझे उजवे. म्हणून तर वडिलांनी हा नियम केला होता; आपल्या दोघांसाठीच.

हाउसिंगवर ठिपके आहेत. चारही बाजूंनी पुसून, रॉकेलने धुऊन, भिंगाखाली पाहिले. ते गोल आहेत. तुझ्या पंचाचे. ओरखडे हाउसिंगच्या मानाने नवे, नव्या बेअरिंगबरोबर मारलेले, म्हणजे गाडी इथून गेल्यानंतरचे. त्यांच्या खाली, शेजारी, आसपास, माझा एकही तिकोनी ठिपका नाही. कधी नव्हताच.

आता ती संध्याकाळ जशी होती तशी सांगतो. पाच वाजले होते. मला प्रवचनाला जायचे होते. झाकणांवर ठिपके मारले आणि घड्याळाकडे पाहिले. धोतर बदलायचे होते. हाउसिंगवर मारायचे राहिले असे म्हणणे सौम्य होईल. मी ठरवून सोडले. मनात आले, एवढे तर कुणालाही कळेल. तुला म्हणालो, “खुणा केल्या आहेत, डावं एक, उजवं दोन, बसवून टाक.” आणि गेलो. तू आपल्या अंगाला उभा राहून आपल्या डाव्याला एक ठिपका बसवलास. मी सांगितले तसेच. प्रवचनाचा विषय होता कर्मातील दक्षता. श्रोत्यांनी फार माना डोलावल्या.

तू ते भंगार नेलेस, उघडलेस, आणि पाहिलेस. तुला त्याच दिवशी कळले. मग मनाई तेवढ्यापुरती मोडून, गोल ठिपके मारून तू झाकण लावलेस, आणि तोंडालाही.

आणि मी तुझे चार ओळींचे पत्र वाचून म्हणालो, चोराच्या मनात चांदणे. चांदणे होते हे खरे. चोर ओळखण्यात चूक झाली. तू ‘खोलू नका’ लिहिलेस ते कुणाला वाचवण्यासाठी, हे कळायला मला बोल्ट सोडावे लागले.

या माणसासाठी शब्द शोधायला मला कष्ट पडले नाहीत. दांभिक, आळशी, जिभेचा शूर, दुसऱ्याच्या खांद्यावर पाप ठेवून वर धर्म सांगणारा. सगळे तयार होते. एकोणीस वर्षे तुझ्यासाठी घासून ठेवले होते. फक्त पत्ता बदलला. पोथीतले अर्थ मी इतके बारीक लावले की माझ्यापुरता एकही लागला नाही. ग्रंथ वाहणाऱ्या गाढवाचा दृष्टांत मी अनेकदा सभेत दिला आहे. गाढवाची क्षमा मागायला हवी; ते निदान ओझे योग्य जागी पोचवते.

काल मुलीला बोलावले. लेथवाल्यालाही, कारण मी तुला बोललो ते ज्यांनी ऐकले त्यांपैकी आता तोच उरला आहे. दोघांसमोर झाकणे मांडली आणि हे सगळे सांगितले.

लेथवाल्याने यंत्र बंद केले, हात पुसले. “दादा, मला तेव्हाच वाटलं होतं. हाउसिंग मीच धुऊन बाकावर ठेवलं होतं. कोरं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही प्रवचनाहून परत आलेला माणूस. गळ्यात हार. तुमच्याशी कोण वाद घालणार?”

मुलगी बराच वेळ ते गोल ठिपके बोटाने चाचपत होती.

“बाबांना हे माहीत होतं?”

“तू चार-पाच वर्षांची असल्यापासून.”

“मी शाळेत निबंध लिहिला होता,” ती म्हणाली. “‘माझे आजोबा’. त्यात लिहिलं होतं, बाबांच्या चुकीमुळे आजोबांचा हात गेला. बाबांनी वाचला. दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि खाली सही केली.”

मग ती बाहेर जाऊन गाडीपाशी पाठ करून उभी राहिली. वहिनी तिच्याजवळ गेली. माझ्याजवळ कुणी आले नाही, आणि ते योग्यच होते.

त्या सहीबद्दल मी तुला काही म्हणू शकत नाही. पण तुझ्या मौनाबद्दल म्हणतो, कारण ते पचवणे मला जमत नाही. माझे सोड. वडील अकरा वर्षे जगले. त्यांना एक पत्र घालायचे होतेस. धाकट्याने आपला हात घेतला असे समजत ते गेले. हा त्यांच्यावर अन्याय झाला आणि त्यात तुझाही वाटा आहे. तू थोर झालास आणि मला अज्ञानात ठेवलेस. याला त्याग म्हणतात की सूड, याचा निर्णय शास्त्रात सापडत नाही. मी शोधला. दोन भावांत घर्षणच राहू दिले नाहीस. भांडला असतास, दारात येऊन शिव्या दिल्या असत्यास, तर निदान एकाचे ओढणे दुसऱ्याला जाणवले असते. तू नुसता सुटा फिरत राहिलास, आणि मी जागीच उभा.

क्षमा मागण्याचा विधी मला ठाऊक आहे. तो मी इतरांना शिकवला आहे. पत्रातून मागितली तर ती स्वस्त होईल. तूर्त एवढेच: एकोणीस वर्षांपूर्वी सर्वांदेखत जे बोललो ते काल सर्वांदेखत मागे घेतले. मनाई उठली.

— दादा

रविवार, ३० मार्च

धाकट्यास,

तुझे उत्तर मिळाले. सोळा दिवसांपूर्वी काढलेल्या तेलाबद्दल विचारतोस, घर्षणाचे औषध घातलेलेच तेल वापरा म्हणून बजावतोस, आणि बाकीच्या साऱ्या मजकुरावर तुझे भाष्य एका ओळीत: “दादा, त्या दिवशी बसवताना झाकण जरा घट्ट लागलं होतं. मी विचारायला हवं होतं.” एवढेच. मी तीन पाने स्वतःला झोडपले आणि तू येऊन त्यातले चार फटके आपल्याकडे ओढून नेलेस. लहानपणी ताटातले घ्यायचास तसे. तुझा हा स्वभाव मला तेव्हाही आवडत नव्हता.

असो. काम झाले.

नव्या डिफरन्शियलच्या पोटात पातळ चकत्यांची चवड आहे. निम्म्या चकत्या एका चाकाच्या बाजूला बांधलेल्या, निम्म्या दुसऱ्याच्या, एकाआड एक. एक चाक सुटे पळू लागले की चकत्या एकमेकींना घासतात आणि ठाम चाकाकडे जोर वळवतात. ज्याने कुणी ही युक्ती काढली त्याला भाऊ असावा. खोक्यावर सोनेरी अक्षरांत जी बढाई छापली आहे ती मी फाडून टाकली. वस्तू मात्र प्रामाणिक आहे.

जुन्यावरचे मोठे दातेरी चाक काढून नव्यावर चढवले. दाताला दात किती सैल भेटतो हे गेजने मोजले. पहिल्यांदा फार घट्ट, दुसऱ्यांदा फार सैल. पातळ पट्ट्या काढत-घालत तिसऱ्या दिवशी जमले. दातांना खुणेचा पिवळा रंग लावून फिरवले. डाग दाताच्या टोकाला नाही, मुळाशी नाही, बरोबर मध्यावर उठला. मुलीला दाखवले. ती म्हणाली, “फोटो काढू?” मी म्हणालो, “डोळ्यांनी काढ.”

मग झाकणे. मी खिडकीकडे उभा होतो, ती दाराकडे, तुझ्या जागी. माझ्या तिकोनी एकाला तुझा गोल एक, माझ्या दोनाला तुझे दोन. एकोणीस वर्षांनी मी तुझ्या खुणेवर माझी झाकणे बसवली. मुलीने मला माझा पंच दिला, हाउसिंगवर आता तरी मारा म्हणाली. मी मारला नाही. तिथे मारण्याची वेळ होती तेव्हा मी धोतर बदलत होतो.

पहिली फेरी मी घेतली. ज्याच्या नावाची पाटी, त्याने. मी निघालो तर दुसऱ्या आसनावर तुझी वहिनी येऊन बसली. बसली म्हणजे पडली, कारण ते आसन जमिनीखाली कुठेतरी आहे.

“उतर,” मी म्हणालो. “चाक आवळलं तर?”

“आवळलं तर तिथून प्रवचन देऊ नका म्हणजे झालं.”

नव्या चकत्या घासून एकमेकींच्या सवयीच्या व्हाव्यात म्हणून प्रथम सावकाश आठ काढायचे असतात. आपला आठ नव्हे, इंग्रजी आठ. आपला काढला तर गाडी थेट भिंतीत जाईल. गोदामाच्या मोकळ्या पटांगणात पाऊण तास आठ काढले. हो, त्याच भिंतीसमोर. पहिल्या वळणांना मागून असा कुरकुराट की जणू दोन म्हातारे बळजबरीने एका बाकावर बसवले आहेत. मग हळूहळू तो बसला. अखेरीस मागच्या अंगणात येऊन डावे चाक ओल्या खडीवर घेतले, उजवे काँक्रीटवर, आणि जोर दिला. डावे थोडे फिरले, रागावले, आणि गाडी पुढे आली.

वहिनीला बाहेर काढायला दोघे लागले.

आता शेवटचे. या पहिल्या तेलात चकत्यांची सारी झीज उतरलेली असते. शर्यतीआधी ते काढून टाकून नवे भरावेच लागते. ते मी काढणार नाही. लेथवाल्याला बंदी आहे, मुलीलाही. ती तुला सांगेल की मोठे काका हट्टी आहेत; तिला वाटते ही बातमी आहे. शर्यत बारा तारखेला आहे. गाडी रॅम्पवर उभी आहे, नवे तेल शेजारी आहे, बाक मोकळा आहे. दाराकडची बाजू मी पुसून ठेवली आहे. तिथे तुझा पंच असावा म्हणून जागा केली आहे. आलास तर ज्या कामासाठी पत्र पुरत नाही तेही उरकेल, आणि लेथवाल्यादेखत; त्याला मी सांगून ठेवले आहे की त्या दिवशी यंत्र बंद ठेव. आला नाहीस तर मुलगी शर्यत हुकेल आणि त्याचा दोष, सवयीप्रमाणे, मी तुझ्यावर ठेवीन.

पहिल्या पत्रात आशीर्वाद लिहिला नव्हता. आजही तुझ्या नावाने लिहीत नाही; ज्याची क्षमा मागायची बाकी आहे त्याच्या डोक्यावर हात ठेवण्याचा अधिकार मला कुठून येणार? म्हणून हे सर्वांसाठी लिहितो. हे पत्र जो वाचील, जो वाचून दाखवील, जो दुसऱ्याच्या खांद्यावरून चोरून वाचील, त्या प्रत्येकाच्या पायाखाली भूमी ठाम राहो. त्याचे पाऊल घसरलेच, तर शेजारी कुणीतरी ठाम उभे असो, आणि ते उभे असणारे आपल्या ठामपणाच्या मदात कधी न रमो. ज्याने त्याने सोडलेले ज्याचे त्याला जोडता येवो. सर्वांचे कल्याण असो. या सर्वांत तू आपोआप आलास, तर त्याला माझा इलाज नाही.

— दादा